सर म्हणाले, तेव्हा इथे रान होतं

राजापूर तालुक्यातल्या एका मुलीचं पत्र आलं आहे. पत्र चार पानी आहे. त्यातला मुद्द्याचा भाग तिच्याच शब्दांत देते.

“बाई, मी अकरावी कला शाखेत आहे. इतिहासाच्या तासाला प्राचीन संस्कृती चालू आहेत. हडप्पा झालं, मधेमधे सर मेसोपोटेमिया आणि इजिप्तचंही सांगतात. सर पुस्तक वाचतात, आम्ही महत्त्वाच्या ओळींखाली रेघा मारतो. एकदा मी विचारलं, ‘सर, तेव्हा आपल्या कोकणात काय होतं?’ सगळा वर्ग हसला. सर म्हणाले, ‘तेव्हा इथे रान होतं. आणि हे परीक्षेला येत नाही.’ मला फार लाज वाटली. आमच्या गावच्या सड्यावर, म्हणजे वरच्या उघड्या कातळाच्या पठारावर, कातळात खोदलेली चित्रं आहेत. आजी म्हणते, ती पांडवांनी एका रात्रीत खोदली. हे मी वर्गात सांगितलं असतं तर आणखी हसले असते. चाचणीत मला 20 पैकी 9 मिळाले. इसवी सनापूर्वीची वर्षं उलटी का जातात तेच मला समजत नाही, सगळी सनावळी डोक्यात कालवली जाते. बाबा म्हणतात, कॉमर्सला गेली असतीस तर बँकेत तरी लागली असतीस. मला इतिहास आवडतो असं वाटायचं, आता तेही खरं की नाही कळत नाही. मी काय करू?”

बाळ,

तुझा प्रश्न चांगला होता. हे तुला बरं वाटावं म्हणून म्हणत नाही. मी 31 वर्षं शाळेत इतिहास शिकवला. ‘तेव्हा आपल्याकडे काय होतं?’ असं स्वतःहून विचारणारी मुलं मला दोन हातांच्या बोटांवर मोजता येतील इतकीच भेटली. वर्ग हसला, कारण वर्गाला वाटतं की इतिहास म्हणजे दुसरीकडे कुठेतरी घडलेली गोष्ट. पिरॅमिड तिकडे, मोहेंजोदडो तिकडे, आणि आपल्याकडे आंबे, काजू, पाऊस. तुला तसं वाटलं नाही. इतिहास तुला आवडतो की नाही, या शंकेचं उत्तर मला तरी तिथेच मिळालं.

सरांवर राग धरू नकोस. आठवड्याला ठरलेले तास, त्यात अभ्यासक्रम संपवायचा, वरून परीक्षेची कामं, हजेरी, माहित्या भरणं. मीही तेच केलेलं आहे. कोणापुढे फारसं बोलले नाही, पण तुला सांगते. सहावीचा वर्ग होता. मी फळ्यावर मोहेंजोदडोचे रस्ते आणि गटारं काढत होते. मागच्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला. त्याचे वडील चिरेखाणीवर कामाला होते. तो म्हणाला, “बाई, त्यांच्याकडे चिरे नव्हते काय? एवढ्या विटा भाजायला लाकूड किती लागलं असेल!” घड्याळात तास संपायला सात मिनिटं होती आणि धडा अर्धा राहिला होता. मी म्हटलं, “बस खाली, हे आपल्याला नाहीये.” तो बसला. वर्षभरात त्याने पुन्हा हात वर केला नाही. पुढे ते कुटुंब मुंबईला गेलं.

त्याचं उत्तर मी तेव्हा दिलं नाही, ते आज तुला देते, कारण तुझ्या पत्रातल्या अर्ध्या गोष्टी त्यात बसतात. हडप्पा संस्कृतीचं मोहेंजोदडो सिंधू नदीच्या गाळाच्या मैदानात आहे. तिथे हाताशी दगड नाही. माती आणि पाणी मात्र हवं तेवढं. म्हणून विटा. त्यांचं माप ठरलेलं असे: जाडीच्या दुप्पट रुंदी आणि चौपट लांबी, म्हणजे साधारण 7, 14 आणि 28 सेंटिमीटर. हे प्रमाण त्या संस्कृतीच्या लांबलांबच्या गावांतून सापडतं. पण त्याच संस्कृतीचं धोलावीरा कच्छच्या रणातल्या बेटावर आहे, तिथे दगड मिळतो, आणि तिथल्या लोकांनी तटबंदी नि पाण्याचे हौद दगडात बांधले. चिरे असते तर त्यांनी चिरे वापरले असते. चिरेखाणीवर वाढलेल्या पोराला हे न शिकवता कळलं होतं. लाकडाचा प्रश्नही अभ्यासकांनी विचारलेला आहे. त्याच्या एका वाक्यात अख्खा धडा होता आणि मी तो पुढे ढकलला.

म्हणून माझं पहिलं सांगणं: कुठलंही वाक्य वाचलंस की मनात विचार, ‘हे कशावरून?’ पुस्तकाला विचार, सरांच्या वाक्याला विचार, आजीच्या गोष्टीला विचार, माझ्याही पत्राला विचार. तोंडावर उलट विचारायचं नाही, मनात आणि वहीत विचारायचं. आता सरांचं ‘रान होतं’ हेच घेऊ.

त्यात खरं किती? मोहेंजोदडोसारखं शहर कोकणात सापडलेलं नाही, हे खरं. आपल्याकडे तसं होतं असं अभिमानापोटी कोणी सांगू लागलं तर त्यालाही ‘कशावरून?’ हाच प्रश्न. पण सापडलं नाही याचा अर्थ माणूस नव्हता असा होत नाही. मोहेंजोदडोला वर्षाकाठी शंभर मिलिमीटरच्या आसपास पाऊस. आपल्याकडे तीन हजारांच्या पुढे. कुडाच्या भिंती, लाकडाचे वासे, झावळांची छपरं चार पावसाळे शाकारली नाहीत तर काय होतं, ते तू तुमच्या जुन्या मांगरात पाहिलं असशील. जांभ्याची माती आम्लधर्मी, तिच्यात हाडंसुद्धा टिकत नाहीत. सिंधमधला माणूस मागे भाजलेली वीट ठेवून गेला. आपल्याकडचा माणूस लाकडात, बांबूत, पानात राहिला असेल तर त्याच्या घराचं मागे काय उरणार?

एक गोष्ट उरली, आणि ती तुमच्या सड्यावर आहे.

राजापूर, रत्नागिरी, लांजा, मालवण, देवगड या भागांत सड्यांवर अशी शेकडो चित्रं सापडली आहेत. आपण त्यांना कातळशिल्पं म्हणतो. रत्नागिरीतल्या हौशी शोधकांनी सुटीच्या दिवशी गावोगाव पायपीट करून, गुराख्यांना आणि म्हाताऱ्यांना विचारून ती उजेडात आणली. 2022 साली त्यांतली नऊ ठिकाणं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली: कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, जांभरुण, उक्षी, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं फणसायमळ. यांतली निम्म्याहून जास्त नावं तुझ्याच तालुक्यातली आहेत. तुझ्या वर्गात हसलेल्या मुलांपैकी कोणाच्या तरी वाडीच्या वर यांतलं एखादं असेल.

कशेळीचा हत्ती मी पाहिला आहे. सुमारे 18 मीटर लांब. उभं राहून पाहिलं तर पहिल्यांदा काहीच कळत नाही, नुसत्या रेघा. दुपारी बारा वाजता गेलात तर त्या रेघाही दिसत नाहीत, ऊन डोक्यावर असतं आणि कातळ एकसारखा तांबडा-काळा. आम्ही गेलो तेव्हा संध्याकाळचे पाच वाजून गेले होते. ऊन तिरपं झालं तशी रेघांच्या एका कडेला सावली धरली आणि पायाशी सोंड उमटली. मग पाठीचा बाक. मग पोटात आणखी चित्रं, प्राणी, पक्षी, मासे. त्यांत शार्क आहे, पाकट आहे. ज्याने ते खोदलं त्याने पाकट हातात धरून पाहिलं असलं पाहिजे. शेपटी कुठून सुरू होते, हे बाजारात पाटीतलं मासळं पाहणाऱ्या आपल्याला कळतं तसं त्याला कळत होतं. मी त्या कडेला बसून राहिले. सोबतचे लोक पुढे गेले, तरी मला उठवेना.

काही सड्यांवर गेंडा आहे. आज कोकणात गेंडा नाही. मग खोदणाऱ्याने तो कुठे पाहिला? तेव्हा इथलं हवामान, गवत, पाणी वेगळं होतं का? चित्रांत शेतीची कामं दिसत नाहीत, म्हणून ती शिकार करणाऱ्या, मासे धरणाऱ्या लोकांची असावीत असा अंदाज अभ्यासक करतात. वय मात्र नेमकं ठरलेलं नाही. कोळसा, हाड, लाकूड सापडलं तर कार्बन-14 पद्धतीने त्याचं वय काढता येतं. दगडात मारलेल्या रेघेत मोजायला काही शिल्लकच नसतं. त्यामुळे आजूबाजूला सापडणारी दगडी हत्यारं, जवळच्या गुहेतले थर, असं बाजूबाजूने जावं लागतं. हे काम आत्ता, तू अकरावीत असताना, चालू आहे. मोहेंजोदडोवर जाडजूड पुस्तकं लिहून झाली. तुमच्या सड्यावरचं पहिलंवहिलं पान अजून पुरतं वाचलेलं नाही.

आता एक सावधगिरी सांगते, कारण तुझ्यासारख्या उत्साही मुलीचा पाय इथेच घसरतो. बारसूच्या सड्यावर मधोमध माणूस आणि दोन्ही बाजूंना वाघासारखे प्राणी असं एक शिल्प आहे. मोहेंजोदडोच्या मुद्रांवरही, म्हणजे शिक्क्यांवरही, दोन वाघांच्या मधे उभा असलेला माणूस आहे. मेसोपोटेमियात तसाच माणूस दोन सिंहांच्या मधे. तिन्ही चित्रं शेजारीशेजारी ठेवली की अंगावर काटा येतो आणि म्हणावंसं वाटतं, बघा, आमचा तिकडे संबंध होता! थांब. संबंध असेलही. किंवा तीन ठिकाणच्या माणसांना हिंस्र जनावरापुढे उभ्या राहणाऱ्या माणसाचं चित्र काढावंसं वाटलं, एवढंच असेल. दिसायला सारखं असणं हा पुरावा कच्चा. पक्का पुरावा कसा असतो, तेही सांगते. मेसोपोटेमियातल्या अक्कडचा राजा सार्गोन याच्या लेखात मेलुहाची जहाजं आपल्या धक्क्याला लागतात असं म्हटलं आहे, आणि मेलुहा म्हणजे सिंधूचा प्रदेश असं बहुतेक अभ्यासक मानतात. मेसोपोटेमियातल्या ऊर शहराच्या थडग्यांत सिंधूकडच्या घडणीचे लाल कार्नेलियनचे मणी सापडले. आणि एका अक्कडी मुद्रेवर तिच्या मालकाचा धंदाच कोरलेला आहे: मेलुहाच्या भाषेचा दुभाष्या. लेख, वस्तू आणि माणूस, तिन्ही एकाच गोष्टीकडे बोट दाखवतात. तिथे ‘संबंध होता’ असं छातीठोक म्हणता येतं. बारसूबद्दल अजून तसं म्हणता येत नाही.

आजीच्या पांडवांचं काय? आजीला खोटं पाडायला जाऊ नकोस. महाराष्ट्रभर जुन्या, कोणी केलं ते आठवत नाही अशा प्रत्येक गोष्टीला लोक पांडवांचं नाव देतात. नाशिकची लेणी घे. लोक म्हणतात पांडवलेणी, आतले शिलालेख सांगतात सातवाहन आणि क्षत्रप राजे. म्हणजे आजीच्या गोष्टीतून शिल्पांचं वय कळत नाही. पण गावाला ती चित्रं ठाऊक होती, त्यांच्याबद्दल सांगावंसं वाटत होतं, हे तिच्यातूनच कळतं. तिला आणखी विचार. तुमच्या सड्याच्या त्या भागाला काय म्हणतात? तिथे कधी नारळ ठेवायचे का? गुरं तिथे बसवायचे की बसवायचे नाहीत? लहानपणी तिला तिथे जाऊ द्यायचे का? हे सगळं तिच्याच शब्दांत उतरवून ठेव, बोलीत, शुद्ध करायला जाऊ नकोस. कातळ आणखी हजार वर्षं थांबेल, आजीच्या गोष्टीला तेवढा वेळ नाही.

सरांचं ‘रान होतं’ हे वाक्य पुढच्या काळाला तर मुळीच लागू पडत नाही. इ.स.पू. तिसऱ्या शतकात सम्राट अशोकाने आपल्या आज्ञा साम्राज्याच्या कानाकोपऱ्यांत खडकांवर कोरून घेतल्या, त्यांतल्या काही शूर्पारकला, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याला होत्या. 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजींना तिथे आठव्या आज्ञेचा तुकडा सापडला. लोकल गाडीने रोज लाखो लोक ज्या स्टेशनवर उतरतात, ते ठिकाण अशोकाला माहीत होतं. इ.स. पहिल्या शतकात कोणा ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या व्यापाऱ्याने समुद्रप्रवासाची एक वही लिहिली, ‘पेरिप्लस’ म्हणतात तिला. इजिप्तच्या बंदरांतून निघालेली जहाजं कुठेकुठे लागतात, काय विकतात, काय भरून नेतात, ते तिच्यात आहे. सोपारा, कल्याण आणि चौल ही आपली बंदरं तिच्यात आहेत. चौलला तो ‘सेमुल्ला’ म्हणतो. आणि कोल्हापूरला ब्रह्मपुरी टेकडीच्या उत्खननात रोमन समुद्रदेवाची ब्राँझची छोटी मूर्ती मिळाली. ती समुद्रातून आली असणार आणि घाट चढून वर गेली असणार. कोणत्या घाटाने, ते मूर्ती सांगत नाही. पण कोकणच्या कुठल्यातरी धक्क्यावर तिला कोणीतरी पाटीतून उतरवलं असेल, असं मला नेहमी वाटतं. (हे ‘वाटतं’ आहे, परीक्षेत लिहू नकोस.)

आता सनावळी. घरी सुंभ असेल तर तो, नसेल तर कुठलीही दोरी घे. सुटीच्या दिवशी खळ्यात बस. एक वीत म्हणजे शंभर वर्षं. दोरीचं एक टोक उंबऱ्याला बांध, ते आजचं. तिथून मागे मागे जा. साडेतीन वितींवर गाठ मार, तिथे शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक, 1674. वीस वितींच्या थोडं पुढे लाल चिंधी बांध, तिथे इसवी सन सुरू होतो. याच्या अलीकडची वर्षं चिंधीपासून तुझ्या उंबऱ्याकडे मोजायची, पलीकडची चिंधीपासून लांब जात मोजायची. ती उलटी जातात असं वाटतं, कारण चिंधीपासून तोंड फिरवून मोजतो, बाकी काही नाही. इ.स.पू. 2600 हे इ.स.पू. 1900 पेक्षा चिंधीपासून लांब, म्हणून जुनं. कुठलंही इ.स.पू.चं वर्ष किती जुनं ते काढायचं असेल तर त्यात 2000 मिळव आणि वर पंचवीसेक. मधे शून्य साल नाही, इ.स.पू. 1 नंतर लगेच इ.स. 1, पण एवढ्या लांबच्या हिशेबात त्या एका वर्षाने काही बिघडत नाही.

पुढे अशोक, साडेबावीस वितींच्या जरा पुढे. हडप्पा संस्कृतीची भरभराटीची शहरं एकोणचाळीस ते सेहेचाळीस वितींच्या दरम्यान. गिझाचा मोठा पिरॅमिड सेहेचाळीसच्या आसपास, म्हणजे मोहेंजोदडोचे रस्ते आणि तो पिरॅमिड एकाच वितीत शेजारी येतात. बावन्न वितींजवळ मेसोपोटेमियात लिहायला सुरुवात. सगळी दोरी बारा मीटरच्या आत बसते. ती पसरून झाली की उठून उभी राहा आणि अशोकाची गाठ बघ. ती तुझा उंबरा आणि पिरॅमिड यांच्या जवळजवळ मधोमध असेल. आपल्याला जितका अशोक जुना, जवळजवळ तितकाच अशोकाला पिरॅमिड जुना होता. मला हे कळलं तेव्हा मी पन्नाशीला आले होते. त्याआधी ‘प्राचीन काळ’ म्हणजे एक मोठी पेटी, सगळे तिच्यात एकत्र कोंबलेले, असंच माझ्याही डोक्यात होतं.

ही माणसं होती, हे डोळ्यांपुढे आलं की नावं आपोआप राहतात. इजिप्तमध्ये राजांची थडगी खोदणाऱ्या कारागिरांचं एक गाव होतं, देर अल-मदीना. तिथली हजेरी चुनखडीच्या एका मोठ्या तुकड्यावर लिहिलेली सापडली. आज ती लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. रॅमसेस दुसरा याच्या कारकिर्दीचं चाळिसावं वर्ष, तुझ्या दोरीवर तेहेतिसाव्या वितीजवळ. कारागिराचं नाव, कोणत्या दिवशी आला नाही, आणि वर लाल शाईत कारण. आजारी. डोळे आलेले. घरी बिअर काढायची होती. घरात मयत. आणि एकाला विंचू चावला. सड्यावर दगड उचलताना आपल्याकडेही आधी विंचूच बघतात. मी हे वर्गात सांगितलं तेव्हा एकही मूल हसलं नाही, दोघातिघांनी मागे वळून आपल्या मित्राकडे बघितलं, बहुधा त्यालाही चावलेला असणार. आणि मेसोपोटेमियातली शाळा बघ. ओल्या मातीची गोल पाटी. एका बाजूला गुरुजींनी बोरूने लिहिलेलं वळणदार अक्षर, दुसऱ्या बाजूला मुलाने केलेली नक्कल, वाकडी आणि दाबून काढलेली. पावणेचार हजार वर्षं झाली तरी त्या पोराचं अक्षर सुधारलेलं नाही, आणि कोणीतरी ते काचेखाली जपून ठेवलं आहे.

मार्कांचं थोडक्यात. 20 पैकी 9 का मिळाले ते तुझ्या पत्रात लिहिलेल्या उत्तरावरून मला दिसलं. ‘हडप्पा संस्कृतीची नगररचना’ अशी टीप विचारली आणि तू ती संस्कृती कशी लयाला गेली ते दीड पान लिहिलंस. तुला ते आवडलं म्हणून लिहिलंस, पण तपासणाऱ्याला रस्ते, घरं, गटारं, स्नानगृह, तटबंदी हवी होती. आधी विचारलेलं दे, पाच-सहा ओळींत. मग एका ओळीत ‘हे कशावरून कळतं’ ते घाल: उत्खननात काटकोनात छेदणारे रस्ते मिळाले, विटांचं प्रमाण सगळीकडे सारखं मिळालं. त्या एका ओळीने उत्तर पाठ केलेल्या उत्तरांतून उठून दिसतं. आणि विटांच्या धड्याआधी तुमच्या घराच्या भिंतीतला एक चिरा टेपने मोज. जुन्या भिंतीतला एक आणि नव्या भिंतीतला एक. पुढे काही सांगत नाही, मोजलंस की तुलाच सुचेल.

बाबांची काळजी खरी आहे, ती हसण्यावारी नेऊ नकोस. इतिहास घेऊन नोकऱ्या भरपूर आहेत असं मी तुला सांगणार नाही, त्या थोड्या आहेत. पण वाट आहे. कुठल्याही शाखेची पदवी झाली की पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाचं एम.ए. करता येतं. याच संस्थेच्या हसमुख सांकलियांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी महाराष्ट्रातली ताम्रपाषाण युगाची, म्हणजे तांबं आणि दगड दोन्हींची हत्यारं वापरणाऱ्या लोकांची, गावं उकरून काढली. पुढे राज्याचं आणि केंद्राचं पुरातत्त्व खातं, वस्तुसंग्रहालयं, शिक्षकी पेशा, पर्यटन. तोवर दोन गोष्टी हाताशी ठेव: इंग्रजी वाचन, कारण या विषयावरचं पुष्कळ लिखाण त्याच भाषेत आहे, आणि कॉम्प्युटरवर नकाशे काढणं, कारण आता उत्खननाआधी नकाशा लागतो. या दोन्ही बँकेतही वाया जात नाहीत, हे बाबांना सांग. बी.ए. होईपर्यंत निर्णय बांधून टाकायची गरज नाही.

आणि बाबांना सड्यावर घेऊन जा. तू लिहिलं आहेस की लहानपणी ते तिथे गुरं चारायचे. मग तुझ्या वर्गातल्या कोणाहीपेक्षा, माझ्यापेक्षाही, त्यांना तो कातळ जास्त ठाऊक आहे. कुठल्या खळग्यात पाणी मार्चपर्यंत राहतं, कुठे पाय घसरतो, कुठल्या चित्रावर ते बसून भाकरी खायचे. त्यांना विचारायला लाग, बघ किती वेळ बोलतात ते.

जाताना हिराची जुनी केरसुणी ने, पाण्याची बाटली, टेप, वही आणि पेन्सिल. चित्रावरची माती-पाला हलक्या हाताने झाड, बस. खडूने रेघा भरू नकोस, रंग नको, तेल नको, दगडाने टोकरू नकोस, कोणी करू लागलं तर थांबव. फोटोत ठळक दिसावं म्हणून लोक खडू फिरवतात आणि मग कुठली रेघ मुळातली, कुठली कालची, ते कोणालाच कळत नाही. चपला बाजूला काढून ठेव. वहीत आधी लांबी-रुंदी, मग तोंड कुठल्या दिशेला, मग चित्र. कळलं नाही तिथे ‘कळलं नाही’ असंच लिही. आसपास चिरेखाण किंवा नवी बाग येणार असेल, रस्त्याचं रोलिंग चालू असेल, तर बाबांना ग्रामपंचायतीत आणि तहसीलदार कचेरीत लेखी कळवायला सांग. जेसीबी एका सकाळीत सडा साफ करतो, मग तक्रार करून उपयोग नसतो.

पहिल्या पावसाच्या आत जाऊन या. एकदा पाणी पडलं की कातळ शेवाळतो, मग गवत वर येतं, आणि ते वाळून चित्रं पुन्हा उघडी व्हायला दिवाळी उलटून जाते. आजीचे गुडघे चालत असतील तर तिलाही टेम्पोतून न्या, वर चढ असेल तिथे बाबा हात देतील. पाच वाजता पोचा, बाराला नको. चित्राची नक्कल काढलीस की एक प्रत मला पोस्टाने पाठव. आणि त्यात माणूस असेल तर त्याचे पाय कुठल्या दिशेला वळलेले आहेत तेवढं नीट बघून लिही, मला ते हवं आहे.

तुझी,
बाई